काचेच्या दाराबाहेरच्या चपला

दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर जो चपला काढेल त्याला वरच्या मजल्यावर न्यायचं नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. मला तो कुणी समोर बसवून सांगितलाही नाही. मी कामाला लागले त्याच आठवड्यात दारावरच्या वॉचमनकाकांनी हसत हसत कळवला. म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक ओळखायचं असलं तर तोंडाकडं नाही बघायचं. पायरीकडं बघायचं."

नाशिकच्या जुन्या बाजारपेठेतलं ते साड्यांचं मोठं दुकान. लग्नाच्या बस्त्यासाठी लांबलांबून लोक येतात. खाली काउंटर आणि त्यामागे रोजच्या, आहेराच्या, मानपानाच्या साड्यांचे गठ्ठे. वर गादी. पांढरीशुभ्र चादर, तक्के, भिंतभर आरसा, वरून सोडलेले दिवे. तिथे दोन्हीकडची मंडळी मांडी घालून बसतात, चहा येतो, सेल्समन घडीवर घडी मोडतात आणि नवरीचा शालू तिच्या खांद्यावर टाकून तिला आरशासमोर उभी करतात. शहरातलं गिऱ्हाईक पायातल्या सँडलसकट आत शिरतं, तसंच जिना चढतं आणि गादीजवळच्या रॅकमध्ये सँडल ठेवतं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराकडची माणसं मात्र आतली चकचकीत फरशी बघून रस्त्यालगतच्या पायरीवरच चपला काढतात. दुसऱ्याच्या घरात पाय टाकताना काढाव्यात तशा. मी मुलाखतीला आले तेव्हा मीही काढल्या होत्या. आमच्याकडे तो समोरच्याला दिलेला मान असतो. या दुकानात मान देणाऱ्यालाच त्यावरून खाली बसवत होते.

मी पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. तालुक्याच्या गावी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकले आणि तिथल्याच कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या घरातच काय, पाड्यावरसुद्धा माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. हे मी मिरवायला सांगत नाही. वसतिगृहाच्या बाईंनी थंडीत स्वतःचा स्वेटर मला दिला, कॉलेजच्या सरांनी परीक्षेच्या फॉर्मसाठी माझ्याऐवजी रांग धरली, आईबाबांनी द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडे मजुरीला राहून मला शिकवलं. इतक्या हातांनी वर उचललेल्या माणसाने आपण कुठून आलो ते बोलायला लाजू नये, एवढंच माझं म्हणणं.

मुलाखतीत शेठ फार काही बोलले नाहीत. मार्कशीटवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तिकडची बोली येते का?" मी हो म्हटलं. "मग उद्यापासून ये."

तिकडची माणसं दुकानात बिचकायची. सेल्समनची भरभर मराठी-हिंदी त्यांच्या डोक्यावरून जायची. ती एकमेकांकडे बघायची आणि काही न घेता निघून जायची. मी काउंटरला उभी राहिल्यापासून ती थांबायला लागली. आपल्या बोलीत कुणी 'बस, पाणी घे' म्हटलं की माणूस बसतो. शेठ खूश झाले. ते मला कधी पोरी म्हणायचे, कधी ताई. मला ताप आला तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा, भावाच्या ॲडमिशनच्या वेळी त्यांनी न मागता सुट्टी दिली. हे उपकार मी विसरलेले नाही आणि इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला शेठ वाईट माणूस वाटतील. ते वाईट नव्हते. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

पहिला खटका लवकरच उडाला. वरच्या साड्या वर्ष-दीड वर्ष विकल्या गेल्या नाहीत, घडीवर रंग उतरला, की त्या खाली यायच्या. त्यांना 'नवीन माल' म्हणायची पद्धत होती. मी म्हणाले, मी तसं म्हणणार नाही. बाकीच्यांना वाटलं आता ही गेली. पण शेठ हसले. म्हणाले, "खोटं बोलू नकोस, बरोबर आहे तुझं. फक्त कुणी विचारल्याशिवाय वरचं काही सांगू नकोस. विचारतंय कोण?"

मला वाटलं मी जिंकले. त्या रविवारी घरी गेले तेव्हा बाबांना मोठ्या ऐटीत हे सांगितलं.

बाबा चौथी शिकलेले. त्यांची वाचनाची सगळी मजल शास्त्रापुरती, म्हणजे बायबलपुरती आहे. पण ते शास्त्र इतकं वाचलंय की पानं कडेने मऊ पडलीत. आमची मंडळी, म्हणजे रविवारची प्रार्थना, अंगणात ताडपत्रीवर भरते. पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार बाबाच वाचून दाखवतात. माझं ऐकून ते म्हणाले, "काटा खोटा नसावा हे तर शास्त्रात हायच. पण काटा खरा ठेवून माणूस कमी मोजला, त्याचं काय?"

मला ते बोलणं आवडलं नाही. पुढे त्यांनी मंडळीत कोणता भाग वाचला ते मात्र माझ्यात रुतलं. सभेला एक माणूस येतो, हातात सोन्याची अंगठी, अंगावर भारी वस्त्रं. त्याच वेळी एक गरीब येतो मळक्या कपड्यांत. तुम्ही पहिल्याला म्हणता, या, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणता, तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस. मग तुम्ही न्यायाला बसलात ते वाकड्या मनाने, असा त्याचा अर्थ. बाबांनी त्यावर एक शब्द जोडला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मीच ताडपत्रीकडे बघत बसले. त्या ताडपत्रीवर उंच जागा कुठली आणि पायांशी कुठली, हे कुणाला शोधूनही सापडलं नसतं.

त्यानंतर मी शेठना दोनदा विचारलं की डोंगराकडच्या लोकांनी वर का बसू नये. दोन्ही वेळा त्यांनी समजुतीने उत्तर दिलं. वरची किंमत ऐकून ते संकोचतात, वरचं गिऱ्हाईकही अवघडतं, दोघांचा वेळ जातो. मग दिवाळीनंतर, लगीनसराईच्या तोंडावर, त्यांनी मला सांगितलं की गुढीपाडव्यापासून खालच्या मजल्याची इन्चार्ज मला करायचं ठरलंय. पगार वाढणार होता, शिवाय पंचवटीत स्टाफसाठी घेतलेल्या खोल्यांपैकी एक मिळणार होती, म्हणजे भावाला शिकायला नाशकात आणता आलं असतं. मी त्या आनंदात असताना जाता जाता ते म्हणाले, "तुझ्या माणसांना नीट खाली सांभाळतेस, म्हणून तुला." माझा आनंद तिथेच अर्धा झाला.

त्याच आठवड्यात ती पिकअप आली.

गाडी कोपऱ्यावर थांबली आणि मागून दहा-बारा माणसं उतरली. नवरी, तिचे आईवडील, मावशी, नवऱ्याकडच्या दोघीतिघी आणि गावातले एक म्हातारे आबा. बस्त्याला जाणतं माणूस बरोबर असावं लागतं, म्हणून त्यांना आणलेलं. सगळ्यांनी पायरीवर चपला काढल्या. वॉचमनकाकांनी माझ्याकडे बघून बोट खाली केलं.

नवरी थेट माझ्यापाशी आली. विशीची असेल. तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर आमच्याच दुकानाचं रील होतं. पांढरी गादी, दिवे, जांभळ्या शालूतली एक हसणारी नवरी आरशासमोर, आणि वर अक्षरं, की आमच्याकडे प्रत्येक नवरी राणी आहे. ती म्हणाली, "बाय, हे कुठं हाय? आमाला हितं बसायचंय."

द्राक्षाच्या शेडवर काम करताना दुपारच्या सुट्टीत तिने ते रील पाहिलं होतं. मैत्रिणींना दाखवलं होतं, होणाऱ्या नवऱ्याला पाठवलं होतं. बस्ता नाशकात, याच दुकानात करायचा, हा हट्ट तिचा. त्यासाठी दोन्ही घरं पहाटे निघून घाट उतरून आली होती.

अशा वेळी म्हणायचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. वर आज गर्दी आहे, इथेच दाखवते. तेवढं म्हटलं असतं तर ती बसली असती. तिने अविश्वास दाखवला नसता, कारण मी तिच्या बोलीत बोलले असते. दुकानाने मला नेमकं एवढ्याचसाठी ठेवलं होतं, हे मला त्या क्षणी पुरतं कळलं.

मी म्हणाले, "वरती हाय. चला."

शेठ गल्ल्यावर होते. तिथूनच म्हणाले, "ताई, खालीच बसव की त्यांना. वर जागा नाहीये."

"जागा आहे शेठ," मी म्हटलं. "मी आत्ताच बघून आले. एकच पार्टी बसलीये."

 नवरीच्या आईला काहीतरी बिनसल्याचं कळलं. ती माझा हात धरून हळूच म्हणाली, राहू दे गं पोरी, आमच्या पायाला धूळ हाय. मावशीचंही तेच, साडी ती साडी, वरची काय नि खालची काय.  नवरीने मोबाईल मात्र अजून तसाच धरला होता.

मी पायरीवर गेले. आबांच्या चपला उचलल्या, दुसऱ्या हातात नवरीच्या घेतल्या आणि बाकीच्यांना म्हटलं, आपापल्या घ्या, वरती ठेवायला रॅक आहे. आबा म्हणाले, "अगं, माझ्या चपलेला काय वर न्यायची, ती काय नवरी हाय?" सगळे हसले. त्या हसण्यातच आम्ही जिना चढलो. शेठच्या गल्ल्यासमोरून, हातात चपला घेऊन. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते की काय, माहीत नाही.

वर शहरातलं एक कुटुंब बसलं होतं. आम्ही आलो तशी त्यातल्या एका बाईने पर्स उचलून पलीकडे ठेवली. दुसरी मात्र सरकली, तक्क्या नवरीच्या आईकडे ढकलला आणि लग्न कधीचं ते विचारायला लागली. म्हणजे वरचं गिऱ्हाईक अवघडतं, हे शेठचं म्हणणं अर्धं खरं निघालं. अर्ध्या खऱ्यावर कुणाला किती दिवस खाली ठेवायचं?

गादीवरचे सेल्समनकाका जुने, पोट सुटलेले, हातात विलक्षण सफाई. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, आणि मागच्या गठ्ठ्यातून साध्या साड्या काढायला लागले. नवरी म्हणाली, ही नको, त्या मोबाईलमधली. काका म्हणाले, "तो शालू तुम्हाला नाही बसायचा."

"किंमत सांगा," मी म्हटलं. "बसतो का नाही, ते ती सांगेल."

काकांनी किंमत सांगितली. नवरीच्या वडिलांनी मान खाली घातली. नवरी म्हणाली, "तरी दावा."

काकांनी शालू काढला. गडद जांभळा, काठ रुंद. त्यांची सवय अशी की आधी साडी स्वतःच्या अंगावर लावून, निऱ्या धरून, पदर टाकून दाखवायची. ते तसे उभे राहिल्यावर आबा बराच वेळ त्यांना न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "हा लय शोभतो. याचंच लावून टाकू लगीन." गादीवरच्या दोन्ही पार्ट्या हसल्या. काकाही हसले, आणि मग त्यांनी खरोखर मनापासून तो शालू नवरीच्या खांद्यावर टाकला, चुण्या नीट केल्या, तिला आरशासमोर उभी केली आणि मी न सांगता वरचे सगळे दिवे लावले.

ती हसली नाही. स्वतःकडे बघत उभी राहिली. तिची आई बाजूला उभी राहून फक्त काठावरून हात फिरवत होती. कुणी घाई केली नाही. मग तिने शालू स्वतःच उतरवला, काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पाह्यला. आता आमाला परवडंल तो दावा."

तिने शेवटी घेतलेली साडी खालच्या मजल्यावरची होती. मीच धावत जाऊन चारपाच आणल्या. घडीवर रंग उतरलेली एक होती, ती उलगडून दाखवली आणि सांगितलं की ही जुनी आहे. तिने ती बाजूला ठेवली आणि हिरवी पसंत केली. बाकीचा बस्ताही तिथे गादीवरच झाला. मानपानाच्या साड्यांवरून नवऱ्याकडची एक मावशी रुसली, तिला दुसरा रंग देऊन मनवलं, चहा झाला. जाताना आबांनी काकांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

संध्याकाळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"शेवटी खालचीच घेतली ना?" ते म्हणाले. "मग वर नेऊन काय मिळालं? उलट त्या पोरीला जे मिळणार नाही ते दाखवलंस. आता जन्मभर तो जांभळा शालू तिच्या मनात राहील. याला दया म्हणतात का?"

मी म्हटलं, "तो तिला आपल्या रीलने दाखवला, शेठ. मी फक्त जिना दाखवला."

"मी कुणाला हाकललंय का कधी? पाणी दिलं नाही? भाव वेगळा लावला?"

"नाही. पण नको म्हणायचं का हो म्हणायचं, ते तिचं तिने ठरवायचं. आपण ते दारातच ठरवून टाकतो."

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "हे सगळं तुझ्या चर्चमधलं दिसतंय. चांगलंय, पण ते चर्चमध्ये. इथे धंदा आहे."

मला बाबांचं अंगण आठवलं. मी म्हटलं, "आमच्या शास्त्रात काट्याबद्दल लिहिलंय, मापाबद्दल लिहिलंय, मजुराच्या मजुरीबद्दल लिहिलंय, कुणाला कुठे बसवावं ते लिहिलंय. चर्चमध्ये कुठे असतो काटा? ते बाजारासाठीच लिहिलंय. गरिबाला जो हिणवतो तो त्याला घडवणाऱ्याला हिणवतो, असंही आहे. मी तुमचं मीठ खाल्लंय, म्हणून तोंडावर सांगते. तुमच्या गैरहजेरीत सांगितलं नाही."

शेठनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पाडव्याचं विसरून जा."

मी विसरले. म्हणजे विसरले नाही, पण पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला मागच्या फॉल-पिकोच्या खोलीत बसवलं. मी राजीनामा द्यावा अशी अपेक्षा असावी. आईचा फोन आला, म्हणाली, पाया पड, माफी माग, भावाची खोली गेली. बाबा तिच्या मागून म्हणाले, पाया पडायचं नाय. मी दोघांचंही ऐकलं नाही आणि ऐकलंही. पाया पडले नाही, राजीनामाही दिला नाही. रोज वेळेवर जाऊन फॉल लावत राहिले. काढायचं असेल तर त्यांनी काढावं. माझ्या हाताने मी चूक कबूल करणार नव्हते, आणि सोडून जाणं म्हणजे मला ते कबूल करणंच वाटत होतं.

पण खाली काउंटर ओस पडला. डोंगराकडची माणसं यायची, बिचकायची, जायची. मग शेठनी सुरगाण्याकडची एक मुलगी घेतली, बी.ए. झालेली, बोलायला तरतरीत. आणि तिला काम दाखवायला त्यांना माझ्याशिवाय माणूस मिळेना. मला पिकोच्या खोलीतून बोलावलं आणि म्हणाले, "हिला दोनचार दिवस शिकव. फक्त खालचं शिकव."

मी तिला माल शिकवला, पोत शिकवला, बिलाची मशीन शिकवली. जुना माल उलगडून दाखवायचा, हे शिकवलं. शेवटी सांगितलं की माणसं आत आली की साडीचं काही बोलण्याआधी एक विचारायचं, वरती बसता का खाली? ते सांगतील तिथे न्यायचं. त्यापायी मला पिकोच्या खोलीत बसावं लागलं, हेही तिला सांगितलं. म्हटलं, तू विचारायलाच पाहिजे असं नाही. तुझी नोकरी तुझी.

ती ऐकून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी पिकोची खोली सोडून मी पाणी प्यायला बाहेर आले तर ती जिन्यावर होती, मागे एक आजी, दोन बायका आणि कडेवर मूल. थोड्या वेळाने तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी दाराशी उभी राहिले. शेठचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला, "हे तुला कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "शिकवायला कशाला पायजे, शेठ? आजींना विचारलं, आजी वरती म्हनल्या."

लगीनसराई संपली तसं मला पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्या मुलीला काढलं नाही. आम्हा दोघींना एकदम काढलं असतं तर दुकानात तिकडचं बोलणारं कुणी उरलं नसतं, हे शेठना कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून त्या दिवशी मी रडले नाही.

आता मी पंचवटीत एका छोट्या दुकानात असते. ब्लाउजपीस, अस्तर, दोरे, लेस. आमच्याकडे साड्या नाहीत. तिकडचं कुणी आलं आणि बस्ता कुठे करावा म्हणून विचारलं, की मी त्यांना त्याच दुकानाचा रस्ता सांगते. माल तिथे खरंच चांगला मिळतो. आणि सांगते, आत गेल्यावर दुसऱ्या कुणाशी बोलू नका, आपल्याकडची एक पोरगी असते, तिला म्हणा, आम्हाला वरती बसायचंय.